सत्रअखेरचा हिशेब मुलांनी द्यावा: शाळेच्या निवडणुकीपासून दिवाळीपूर्वीच्या वार्तापत्रापर्यंत

जुलै लागला की जिल्हा परिषदेच्या शाळांतून मंत्रिमंडळाच्या निवडणुका सुरू होतात. बोटाला शाई, छातीला बिल्ला, मुख्याध्यापकांसमोर शपथ आणि संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो. मुलांचा उत्साह खरा असतो, शिक्षकांची मेहनतही खरी असते. पण ऑगस्ट संपेपर्यंत बिल्ले कपाटात जातात आणि आरोग्यमंत्र्याला आपण आरोग्यमंत्री आहोत याची आठवणही राहत नाही. मतदान हा नागरिकशास्त्राचा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग सत्र संपताना येतो. ज्यांनी मत दिलं त्यांच्यापुढे उभं राहून काय केलं, काय राहिलं आणि का राहिलं हे सांगायचं असतं. मुलं तिथे जे शिकतात ते पुस्तकातून शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून हा लेख शेवटाकडून बांधलाय. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांनी लिहिलेलं चार पानी वार्तापत्र पालकांच्या हातात पडायला हवं, हे टोक पक्कं धरायचं आणि त्यासाठी जूनपासून काय काय करत यायचं ते पाहायचं. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे सगळं तेवढंच पुढे सरकवा.

जून: कोणती पद्धत?

बहुतेक शाळांत सगळी मुलं थेट मुख्यमंत्री निवडतात, मग थेट आरोग्यमंत्री, थेट क्रीडामंत्री. करायला सोपं, पण आपल्या राज्यात असं होत नाही. मतदार आमदार निवडतो, ज्याच्यामागे बहुसंख्य आमदार उभे राहतात तो मुख्यमंत्री होतो आणि तो आपले मंत्री ठरवतो. आठवीच्या पुस्तकातून संसदीय पद्धत शिकवायची आणि पटांगणात दुसरंच काही चालवायचं, म्हणजे मुलांचा गोंधळ आपणच वाढवायचा.

पन्नास-साठ पटाच्या छोट्या शाळेत ग्रामपंचायत करावी. प्रत्येक वर्ग म्हणजे एक प्रभाग, प्रभागातून दोन सदस्य, आणि सरपंच सगळ्यांच्या मतांनी थेट. महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. गावातल्या मुलांनी हा वाद घरात, पारावर ऐकलेला असतो. 'सरपंच लोकांनी निवडावा की सदस्यांनी?' हा प्रश्न चौथी-पाचवीच्या वर्गात टाकून बघा, तास पुरणार नाही. आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणून दोन सदस्यांपैकी एक मुलगी हा नियम शाळेतही ठेवा. जातीनिहाय राखीव जागा का आहेत हे वर्गात नीट, मोकळेपणाने शिकवायला हवं, पण निवडणुकीसाठी मुलांची जातीनुसार विभागणी करू नका. त्या वयात ती जखम होते.

मोठ्या शाळेत विधानसभा करता येते. तुकडीमागे दोन आमदार, त्यांनी आपल्यातून मुख्यमंत्री निवडायचा, त्याने मंत्री नेमायचे. मंत्री किती? २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणून २८८ आमदारांच्या आपल्या विधानसभेत ४३ हून जास्त मंत्री होऊ शकत नाहीत. शाळेत टक्क्यांचा हट्ट नको, पण त्यामागचा विचार घ्या. आरोग्य व स्वच्छता, आहार, ग्रंथालय, क्रीडा आणि परिसर ही पाच खाती पुरतात. ज्या खात्याला काम नाही ते सुरूच करू नका. आणि मुख्यमंत्रिपदाला उभा राहून हरलेला मुलगा किंवा मुलगी विरोधी पक्षनेता होईल हे आधीच जाहीर करा. पुढे सगळा प्राण तिथेच असतो.

अधिकार खरे द्या

हातात काहीच नसेल तर हिशेब कशाचा द्यायचा? शपथविधीच्या आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने एक कागद करावा, त्यावर मुलांनी स्वतः ठरवायच्या गोष्टी लिहाव्यात आणि सह्या कराव्यात. मैदान कोणत्या वर्गाला कोणत्या दिवशी, ग्रंथालयाची पेटी कधी उघडायची आणि पुस्तकं कुणी द्यायची, शनिवारच्या दप्तरमुक्त दिवशी काय करायचं, सहलीच्या दोन ठिकाणांपैकी कोणतं. शिवाय एक छोटी रक्कम, हजारभर रुपये का होईना, जिच्या खर्चाचा निर्णय मुलांचा आणि पावती जपायची जबाबदारीही मुलांची. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांच्यापुढे हा विषय ठेवला तर एखादे वडील किंवा आई ती रक्कम आनंदाने उभी करतात. मुलांकडून मात्र वर्गणी गोळा करू नका.

आहार खात्याला खरं काम आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्याचं प्रमाण ठरलेलं आहे. आहारमंत्र्याने आठवड्यातून एकदा हजेरी मोजावी, गुणाकार करावा आणि धान्य मोजताना काट्याजवळ उभं राहावं. चव नोंदवहीत मोठ्यांची चव लिहिली जातेच, त्याशेजारी मुलांची एक साधी वही असावी: आज काय होतं, किती जणांनी पुन्हा मागितलं, किती उरलं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना हे आधी विश्वासात घेऊन सांगा. ही त्यांच्यावरची पाळत नव्हे हे त्यांना कळलं की त्या स्वतःच मुलांना मापं शिकवतात.

एक खातं काढून टाका: शिस्तमंत्री. कुणाचं नाव फळ्यावर लिहायचं, कुणाला उभं करायचं, कुणाची तक्रार सरांकडे न्यायची, हे अधिकार दहा वर्षांच्या मुलाला देऊन आपण त्याला चुगली आणि धाक एवढंच शिकवतो. शिक्षा करण्याचा अधिकार मुलांच्या कोणत्याही मंत्र्याला असता कामा नये.

जुलै: मतदार यादी ते मतमोजणी

हजेरीपटावरून मतदार यादी उतरवून काढा आणि तीन दिवस सूचना फलकावर लावा. वर लिहा: प्रारूप यादी, हरकती शनिवारपर्यंत. कुणाचं आडनाव चुकलेलं असेल, नुकत्या दाखल झालेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीचं नाव राहिलेलं असेल. तिने स्वतः अर्ज करून नाव घालून घ्यायचं. ही पायरी शाळा नेहमी गाळतात. ती गाळू नका, कारण मोठं झाल्यावर हीच धावपळ करावी लागते. १८ व्या वर्षी मत मिळतं हे मुलांना माहीत असतं. १९८९ पर्यंत ते २१ व्या वर्षी मिळायचं आणि ६१ व्या घटनादुरुस्तीने वय खाली आलं, हे सांगितलं की आजी-आजोबांना पहिलं मत कधी दिलं ते विचारायला मुलं घरी पळतात.

अर्ज भरणं, छाननी, माघार यासाठी एकेक दिवस. चिन्हं शाळेतलीच असावीत: पाटी, दप्तर, बादली, चेंडू. एखादं चिन्ह खऱ्या पक्षाचं आहे का ते मात्र तपासून घ्या. झाडू, घड्याळ, मशाल ही आधीच कुणाची तरी आहेत, ती बाद करा. प्रचारात खाऊ वाटायचा नाही. प्रत्येक उमेदवाराने सगळ्यांसमोर दोन मिनिटं बोलायचं आणि तीनच वचनं द्यायची. ती वचनं त्याच्याच अक्षरात कागदावर लिहून सहीनिशी फाइलला लावा. सत्र संपताना हाच कागद काढायचा आहे.

मोबाईलवरची मतदान यंत्राची अ‍ॅप हल्ली सगळीकडे वापरतात. ती वाईट नाहीत, पण माझा कौल कागदी मतपत्रिकेला. बटण दाबून क्षणात निकाल आला तर मोजणी दिसत नाही. कागदाच्या घड्या उघडताना, गठ्ठे लावताना, दोन चिन्हांवर शिक्का असलेली मतपत्रिका बाद का हे भांडताना मुलं जे शिकतात ते यंत्रात झाकलं जातं. वह्यांच्या रिकाम्या खोक्याचा आडोसा करा, शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावा. 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय २०१३ पासून खऱ्या मतदानात आहे, तोही छापा. ज्या मुलाला दिसत नाही त्याला सोबती नेऊ द्या, मोठ्यांच्या मतदानातही ती सोय आहे. समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाका, कायदाही तेच सांगतो.

ऑगस्ट-सप्टेंबर: बैठक, इतिवृत्त आणि पोच

पंधरा दिवसांतून एक बैठक, अर्ध्या तासाची. विषयपत्रिका दोन दिवस आधी फलकावर. गणपूर्ती झाली का ते आधी मोजायचं. खऱ्या ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यापैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. मुलांच्या बैठकीचा आकडा तुम्ही ठरवा, पण ठरवा. इतिवृत्त लिहायला आळीपाळीने मुलं नेमा आणि चार गोष्टी हव्यातच असं सांगा: कोण होतं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ज्या ठरावापुढे नाव आणि तारीख नाही तो ठराव धरायचा नाही.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट, अर्ज. मुलांच्या निम्म्या अडचणी शाळेच्या आवाक्याबाहेरच्या असतात. टाकीत पाणी नाही, कुंपण पडलंय, दारापुढच्या वळणावर गाड्या वेगाने येतात. अशा वेळी शिक्षकाने ग्रामपंचायतीत फोन करून काम करून घेतलं तर काम होईल, पण मुलांना काहीच मिळणार नाही. अर्ज मुलांनीच लिहावा. प्रति, विषय, महोदय, आणि मग तीन ओळी: काय अडचण आहे, कधीपासून, काय हवं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, खेळाचं मैदान आणि कुंपण यांचा उल्लेख आहे, तो अर्जात एका वाक्यात टाका. मग दोन प्रती. मंत्री आणि विरोधी पक्षनेता, दोघांनी शिक्षकासोबत ग्रामपंचायतीत जायचं, एक प्रत द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन यायचं.

त्या शिक्क्याकडे मुलं कशी पाहतात ते एकदा बघा. सहावीतली एक मुलगी पोच घेऊन आली आणि तिने विचारलं, "बाई, आता त्यांना उत्तर द्यावंच लागेल ना?" द्यायला हवं, असं तिला सांगितलं. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र कसं लिहायचं हेही लगेच दाखवलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी अर्ज पोहोचला तर तो तिथे वाचला जाण्याची शक्यता असते. मुलांना ग्रामसभेत मत नसतं, पण सरपंचांना आधी भेटून परवानगी मागितली तर दोन मुलं उभी राहून आपला अर्ज वाचू शकतात. त्या दिवशी गाव ऐकतं.

ऑक्टोबर: प्रश्नोत्तराचा तास

संकलित मूल्यमापनाच्या परीक्षेआधी एक शनिवार राखून ठेवा. विधिमंडळात जसे तारांकित आणि अतारांकित प्रश्न असतात तसेच शाळेतही करा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी. प्रश्न आठवडाभर आधी खोक्यात पडायला हवेत, म्हणजे मंत्र्याला नोंदवही पाहून तयारी करता येते. पहिलीतल्या मुलांना लिहिता येत नाही, त्यांचे प्रश्न मोठ्या मुलांनी जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. शिक्षकांनी मागच्या बाकावर बसायचं. उत्तर अडलं तर मदतीला धावायचं नाही. 'माहिती घेऊन सोमवारी सांगतो' हे उत्तर चालतं, मात्र सोमवारी ते सांगावं लागतं.

फाइलमधले वचनांचे कागद याच वेळी बाहेर काढा आणि ज्याचे त्याला मोठ्याने वाचू द्या. कुणाचं काही झालं नसेल तर हसू होऊ देऊ नका. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: कशामुळे अडलं? वेळ, पैसा, परवानगी की विसर? आठवीची मुलं तर यावरून वचन देताना काय तपासायला हवं हे स्वतःच मांडू लागतात.

वार्तापत्र: चार पानं

ए-थ्री आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही बाजूंनी छापून घ्या. अक्षर मुलांच्याच हातचं असेल तर फारच छान, पालक ते कॉम्प्युटरच्या अक्षरापेक्षा जास्त वेळ वाचतात. संपादक मंडळात मंत्री नकोत. हिशेब देणारा आणि तो छापणारा वेगळा असावा.

पहिलं पान पूर्णपणे हिशेबाचं. खातंनिहाय चार ओळी, त्यापलीकडे नाही. नमुना असा:

*आरोग्य खातं. सांगितलं होतं: मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी दुरुस्त करू. झालं: ५ ऑगस्टला मुख्याध्यापकांना अर्ज दिला, १२ तारखेला कडी बसली. राहिलं: दुपारच्या सुट्टीनंतर नळाला पाणी नसतं, कारण टाकी सकाळी एकदाच भरते. पुढे: ग्रामपंचायतीला २ सप्टेंबरला अर्ज दिला, पोच आहे, उत्तर आलेलं नाही.*

'राहिलं' ही ओळ कुठल्याही खात्याने रिकामी सोडायची नाही.

दुसऱ्या पानावर शाळा आकड्यांत. पट किती, सत्रात शाळा किती दिवस भरली. पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरावी असं कायदा सांगतो, म्हणून आतापर्यंतचे दिवस त्याच्याशेजारी छापा. पुस्तकं किती गेली आणि सगळ्यात जास्त वेळा कोणतं गेलं, आहारात कोणता पदार्थ मुलांनी पुन्हा मागितला, आणि त्या हजार रुपयांचा पै-पैचा जमाखर्च. बेरीज पाचवीच्या वर्गाकडून तपासून घ्या.

तिसरं पान बातम्यांचं, आणि इथे संपादक मंडळाला एकच वाक्य बंद करा: 'मोठ्या उत्साहात साजरा करण्यात आला'. हे वाक्य आलं की बातमी संपते. त्याऐवजी पाहिलेलं लिहायला लावा. '१५ ऑगस्टला पाऊस होता. झेंडावंदन झालं तेव्हा दुसरीची मुलं व्हरांड्यात आणि आम्ही भिजत उभे होतो. पोस्टमन काकांनी झेंडा फडकवला.' तीन वाक्यांत सगळा दिवस आला. कबड्डीत केंद्रस्तरावर हरलो तर किती गुणांनी हरलो तेही येऊ द्या. प्रश्नोत्तराच्या तासातले दोन चांगले प्रश्न उत्तरांसह इथेच घ्या.

चौथ्या पानावर प्रलंबित कामांची तारखांसह यादी, दुसऱ्या सत्रातल्या ठळक तारखा (२६ नोव्हेंबरचा संविधान दिन, २५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिवस, २६ जानेवारीची ग्रामसभा) आणि खाली कापून परत द्यायची पट्टी: 'मंत्रिमंडळाला माझा प्रश्न'. ही पट्टी पालकांसाठी.

शिक्षकाची लाल शाई कुठे चालावी? शुद्धलेखनावर चालू द्या, पण वाक्यं आपल्या वळणाची करू नका. काढून टाकायच्या गोष्टी तीनच: कुणाच्या घरची किंवा आजाराची गोष्ट, कुणाचेही गुण, आणि एखाद्या व्यक्तीवर केलेला आरोप. 'पाणी येत नाही' हे राहू द्यावं, 'अमुक काका मुद्दाम सोडत नाहीत' हे काढावं, आणि का काढलं ते मुलांना सांगावं. शाळेची उणीव बाहेर दिसेल म्हणून मजकूर गाळू नका. गाळलात तर पुढच्या सत्रात मुलं आपल्याला आवडेल तेच लिहितील.

फोटोंबाबत काळजी घ्या. छापील प्रत गावात राहते, पीडीएफ कुठेही जाते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि पालकांची संमती महत्त्वाची धरली आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांसोबतच लेखी संमती घेऊन ठेवा, चेहऱ्यासोबत पूर्ण नाव-पत्ता कधीही छापू नका, आणि ज्यांची संमती नाही त्यांना फोटोतून बाजूला काढताना सगळ्यांसमोर बोलू नका.

वाचन

प्रगतिपुस्तकं देण्यासाठी पालकांना बोलावता त्याच दिवशी वार्तापत्र वाचा, पण आधी वार्तापत्र आणि मग प्रगतिपुस्तक. उलट केलंत तर गुण पाहून पालक निघून जातात. पहिलं पान मंत्र्यांनी स्वतः मोठ्याने वाचायचं. अनेक आई-वडिलांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हे वाचन म्हणजेच वार्तापत्र. सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोलीत शिकवत असाल तर मुलांना पावरी, कोरकू, गोंडी जी घरची बोली असेल तिच्यात सांगू द्या. मराठी कागद हातात असतोच.

वाचन झालं की पंधरा मिनिटं पालकांचे प्रश्न. ते मुलांना विचारायचे, मुख्याध्यापकांना नाही. सुरुवातीला कुणी बोलत नाही, म्हणून समितीतल्या एका आईला आधीच सांगून ठेवा. एक प्रश्न आला की पुढचे येतात. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, तिचीही पोच घ्या. एक केंद्रप्रमुखांना, एक ग्रंथालयाच्या पेटीत, आणि एक पाच वर्षं टिकेल अशा फाइलमध्ये, म्हणजे पुढच्या जुलैत उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला मागचं काय राहिलंय ते वाचूनच वचन देता येईल. परत आलेल्या पट्ट्या मोजून लिफाफ्यात घाला आणि आरोग्य, आहार, ग्रंथालय असं खातं लिहून ठेवा. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीची विषयपत्रिका त्यातूनच करायची आहे.